शिवेअलीकडचा आकडा

"म्हणजे मटकाच की हो साहेब," नाना म्हणाले. "फक्त आकडा माणसांचा."

पतसंस्थेच्या मीटिंगमध्ये हसू फुटलं. पडद्यावरच्या रंगीत चित्रांपुढे उभा असलेला पुण्याचा अधिकारी, देवस्थळी, तोही हसला. पण त्याचं हसणं जरा मागाहून आलं. मटका म्हणजे पाणी प्यायचा, एवढंच बहुधा त्याला ठाऊक असावं.

आमच्या नानांना मात्र दुसरा मटका पक्का ठाऊक होता. हणमंत कोष्टी हे त्यांचं पूर्ण नाव. तरुणपणी त्यांनी बाजारपेठेतल्या जिन्याखाली बसून गावाचे आकडे लिहिले, पोलिसांचे फटकेही खाल्ले. पुढे लग्न झाल्यावर भांड्यांचं दुकान टाकून सभ्य झाले आणि बघताबघता पतसंस्थेचे संचालक. गावात त्यांच्या दुकानातलं पातेलं नाही असं घर नव्हतं, आणि त्यांच्याकडे कधी आकडा लावला नाही असा म्हातारा नव्हता. दोन्हींबद्दल गाव त्यांना मान द्यायचं.

मी त्या संस्थेची मानद सचिव. महिलांच्या राखीव जागेवर निवडून आले होते, आणि आमच्या गुळाच्या अडतीचे हिशेब मीच बघते हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे इतिवृत्ताची वही माझ्या गळ्यात पडली. पुरुष बोलायचे, मी लिहायचे. बोलण्यापेक्षा लिहिण्यात माणसं जास्त कळतात, हा त्यातला माझा नफा.

कोरोनाची पहिली लाट ओसरून हिवाळा आला होता. मास्क नाकावरून हनुवटीवर आले होते. तालुक्यात ऑक्सिजनची सोय अशी नव्हतीच. ग्रामीण रुग्णालयात मोजके सिलिंडर, तेही कोपऱ्यात धूळ खात. पुन्हा साथ आली तर संस्थेच्या मंगल कार्यालयात खाटा टाकायच्या, डॉक्टर हुक्केरींनी बघायचं, एवढं आमचं ठरलं होतं. ऑक्सिजनचा प्लांट घ्यायला पैसा नव्हता. ठेवीदारांच्या ठेवीला हात लावता येत नाही. तेव्हा हा देवस्थळी आला.

त्याची योजना सुटसुटीत होती. परदेशातल्या काही बड्या गुंतवणूकदारांनी एका फंडात पैसा ठेवला होता. आम्ही दरवर्षी हप्ता भरायचा. साथ आली नाही, तर आमचा हप्ता त्यांचं व्याज. साथ आली आणि सलग तीस दिवसांत तालुक्याच्या हद्दीत कोरोनाने पंचवीस मृत्यू नोंदले गेले, की ऐंशी लाख रुपये थेट आमच्या खात्यात. सर्व्हेअर नाही, बिलं नाहीत, हेलपाटे नाहीत.

"आन् आकडा लागला तर पैसं कुणाचं जाणार?" नानांनी विचारलं.

"गुंतवणूकदारांचे."

"म्हंजे त्येंनी लावलंय, ही माणसं मरणार न्हाईत म्हणून."

"तसं म्हणता येईल."

"आन् आमी लावायचं, मरतील म्हणून."

"तसं नाही काका, तुम्ही प्रोटेक्शन घेताय."

"व्हय व्हय. आमच्याकडं बी लोक कधी मटका म्हणायचे न्हाईत. धंदा म्हणायचे." नाना पान चघळत माझ्याकडे वळले. "घालूया वैनी. लागला तर प्लांट, न्हाई लागला तर गाव जगलं. दोनी बाजूनं फायदा. असला आकडा मला उभ्या जन्मात घावला न्हाई. सूचक म्हणून माझं नाव लिवा."

मी लिहिलं. हप्ता किती, ऐंशी लाखांवर कर बसेल का, पंचवीसचे वीस होतील का, यावर तासभर घासाघीस झाली. आम्ही पडलो व्यापारी माणसं. आकडा तीनतीनदा तपासला. 'हद्दीत' हा शब्द कुणी तपासला नाही. शब्दाला भाव नसतो ना.

उन्हाळ्यात दुसरी लाट आली, तेव्हा त्या शब्दाचा भाव कळला.

मंगल कार्यालयात खाटा पडल्या. वर्गणीतून गाद्या आल्या, एका मांडववाल्याने पंखे दिले. हुक्केरी सकाळ-संध्याकाळ फेरी मारायचे आणि ज्याला दम लागला त्याला एकच औषध लिहून द्यायचे: जिल्ह्याला हलवा. गाड्या कार्यालयाच्या दारातून सुटायच्या, पूल ओलांडायच्या, मरीआईच्या दगडापाशी तालुक्याची शीव ओलांडायच्या आणि तासाभरात जिल्ह्याच्या हॉस्पिटलांच्या दारात रांगेला लागायच्या. जी माणसं वाचायची ती परत यायची. जी वाचायची नाहीत त्यांची नोंद तिथल्या महापालिकेत व्हायची, कारण मृत्यू जिथे होतो तिथेच नोंदतात. आमच्या खात्यात ती धरली जात नव्हती.

मी देवस्थळीला फोन केला. "अहो, माणसं आमची, मरतायत आमची. आधारकार्डावर पत्ता आमचा आहे."

"मॅडम, पत्ता नाही, मृत्यूचं ठिकाण. करारात तसं आहे."

"इथे ऑक्सिजन नाही म्हणून ती तिकडे जाऊन मरतात. तिकडे मरतात म्हणून इथे ऑक्सिजन येत नाही. हे तुम्हाला दिसतंय का?"

"मला दिसतंय, मॅडम."

"मग?"

"ठरवणारा मी नाही. कॅल्क्युलेशन एजंट असतो. परदेशात बसतो."

"त्याला म्हणावं, शीव बघायला ये. राहायची सोय आमच्याकडे करते."

तो हसला नाही. मागून कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज येत होता. "माझे वडील," तो म्हणाला. "आम्हालाही बेड मिळत नाहीये." चांगल्यापैकी भांडायला निघालेली मी, 'काळजी घ्या' म्हणून फोन ठेवला.

आकडा तरीही वाढत होता. ज्यांना गाडी मिळाली नाही, ज्यांच्या घरात चालवणारं कुणी उरलं नव्हतं, किंवा ज्यांनी 'आता कुठं फिरवता' म्हणून डोळे मिटले, ते सगळे शिवेअलीकडे गेले. त्यातही ज्यांची टेस्ट झाली होती तेवढेच धरायचे. मी रोज नगरपरिषदेतून आणि ग्रामपंचायतींतून नोंदी मागवायचे. आकडा एकाने सरकला की आधी मी नाव वाचायचे, हळहळायचे, आणि त्याच्या मागोमाग आत काहीतरी सैल व्हायचं. हे दुसरं काय आहे ते मला कळायचं, म्हणून मी लगेच काहीतरी काम काढून बसायचे.

दुपारी नानांचा फोन ठरलेला. "किती झालं?" मी सांगायचे. "वर चाललंय. क्लोजपर्यंत धीर धरा," म्हणायचे, मटक्याच्या दुसऱ्या, शेवटच्या आकड्याची वाट बघावी तसे, आणि त्यांच्या बोलण्यावर मीही हसायचे. त्या दिवसांत हसायला तेवढंच होतं.

मग एका दुपारी फोन आला नाही. आला तो त्यांच्या मुलाचा, प्रल्हादचा. "काकू, नानांना दम लागलाय, हलायला तयार न्हाईत. तुमचं ऐकतील. जरा येऊन जावा."

नाना पडवीत लोखंडी खाटेवर पडले होते. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं यंत्र. मी उंबऱ्याबाहेरच खुर्ची ओढून बसले. त्यांनी बोट वर करून मला दाखवलं.

"बघा, हितं बी आकडाच."

यंत्रावर ब्याऐंशी दिसत होतं. मी चष्मा काढून पुसला.

"रिपोर्ट कधी आला?" मी प्रल्हादला विचारलं.

"परवाच. पॉझिटिव्ह. सांगितलं न्हाई कुणाला. मलाबी आज सकाळी कळलं. उशीखाली घालून ठेवलावता."

"नाना, मी बेड बघितलाय," मी म्हणाले. माझा भाचा जिल्ह्याच्या एका हॉस्पिटलात औषधांच्या दुकानात होता. त्याने कुणाच्या तरी हातापाया पडून एक खाट धरून ठेवली होती. "ऑक्सिजनचा आहे. आत्ता निघालं तर मिळेल."

"दुसऱ्याला द्या की."

"असा देता येत नाही तो. तुमच्या नावावर धरलाय."

"किती झालं, वैनी?"

"किती काय?"

"मला इचारता व्हय, किती काय?"

"एकोणीस," मी म्हणाले.

नाना हसले, आणि हसण्यातून खोकला, आणि खोकल्यातून बराच वेळ बाहेर येईनात. प्रल्हाद पाठ चोळत राहिला. खोकला थांबल्यावर ते म्हणाले, "खोटं बोलायच्या आधी तुमी चष्मा पुसता. संस्थेच्या मीटिंगला मी कवापास्नं बघतोय. चोवीस झालं. मी सकाळीच नगरपरिषदेत फोन लावलावता."

प्रल्हादला काही कळेना. "कशाचे चोवीस?"

नाना माझ्याकडे बघत राहिले. मग त्याला कळलं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला.

"नाना, डोकं फिरलंय का तुमचं? लॉटरी हाय का ही?"

"लॉटरी न्हवं. लॉटरीत काय कळत न्हाई. ह्यात कळतंय." नाना थांबून थांबून बोलत होते, पण धंद्यातली गोष्ट समजावून सांगावी तसे. "जन्मभर दुसऱ्याचा आकडा लिवला. लिवणाऱ्यानं खेळायचं नसतं, म्हणून कधी लावला न्हाई. आता ह्यो एकच हाय. शंभर टक्के. हितं गेलो तर पंचवीस. कार्यालयात तीसेक माणसं पडल्यात, त्येंना हवा मिळंल. तिकडं गेलो तर नुसता गेलो."

"आणि तिकडे वाचलात तर?" मी म्हणाले.

"ह्या वयात? ब्याऐंशीवर?" त्यांनी मान हलवली. "वैनी, तुमी हिशेबी बाई. करून बघा हिशेब."

मी केला होता. त्यांच्या अंगणात पाऊल टाकण्याआधीच केला होता, न ठरवता, जसा आपण भाजीवालीने सांगितलेला भाव मनातल्या मनात गुणतो. हिशेब त्यांच्याच बाजूने निघत होता, त्याचीच भीती वाटली, आणि म्हणूनच मी त्यांना गाडीत बसवायला आले होते.

"माझ्या लहानपणी पटकी आली की मरीआईचा गाडा काढायचे," नाना म्हणाले. "लिंबं, बांगड्या, हिरवं लुगडं. वाजतगाजत गाडा शिवंपतोर ढकलायचा आन् पलीकडं सोडून पळत यायचं. मागं बघायचं न्हाई. पलीकडचं गाव काठ्या घेऊन हुबं असायचं. रोगराई त्येंच्यात, माणसं आपल्यात." ते दम खाऊन हसले. "आता उलटं झालंय बघा. माणसं ढकलतोय शिवंपलीकडं. रोगराई आपल्यातच."

यंत्रावर अठ्ठ्याहत्तर आलं. प्रल्हाद उठला. खाटेवरच्या चादरीसकट त्याने बापाला उचललं. नाना मोठ्या हाडापेराचे होते, पण त्या दोनतीन दिवसांत त्यांचं काय झालं होतं कुणास ठाऊक, प्रल्हादने त्यांना घागर उचलावी तसं सहज उचललं. नानांनी हात झाडले, पण जोर नव्हता.

"काकू, मागं बसता?"

मी बसले. माझ्या मांडीवर नानांचं डोकं, तोंडाला दोन मास्क, खिडक्या सताड उघड्या. बाहेर भर दुपारचं ऊन, आणि दोन्ही बाजूंना ऊस नुसता उभा.

पूल गेला. मरीआईचा दगड लांबून दिसायला लागला. कुणीतरी हल्लीच शेंदूर फासला होता आणि पुढ्यात लिंबांचा ढीग होता, मागे कडुलिंबाचं झाड. नानांनी डोळे उघडले.

"शीव आली?"

"येतेय," मी म्हणाले.

"थांब म्हणावं. लिंबाखाली ठेवा मला. सावली हाय."

प्रल्हादला ऐकू गेलं. गाडीचा वेग कमी झाला. आरशातून त्याने माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत मी कितीतरी माणसांचे डोळे बघितले, कर्ज मागताना, जामीन राहताना. असे कधी बघितले नाहीत. तो तीस वर्षांचा बाप्या मला शाळेतल्या पोरासारखं विचारत होता.

"काकू, काय करू?"

दगड शेजारी आला होता. मांडीवरचं डोकं गरम होतं, श्वास चालू होता, पुढे एक खाट वाट बघत होती.

"चल," मी म्हणाले.

गाडीने वेग घेतला. नानांनी डोळे मिटले आणि मास्कच्या आत काहीतरी पुटपुटले. मी वाकले.

"गेला," ते म्हणाले. "ओपन लागला, क्लोज पलीकडं गेला."

ते रागावले नव्हते. तोंडातला घास मांजराने पळवावा आणि मांजराचंच कौतुक वाटावं, तसे हसत होते.

हॉस्पिटलच्या फाटकापाशी गाड्यांची रांग होती. भाचा आतून फोनवर सांगत होता, "मावशी, खाट आहे, फक्त आत आणा." प्रल्हाद गाडी तशीच सोडून स्ट्रेचर शोधायला धावला. मी नानांचं मनगट धरून बसले होते. लहानपणी आमच्या घरी वैद्य यायचे, त्यांच्याकडे बघून नाडी धरायला शिकले होते. ती माझ्या बोटांखाली थांबली. बोटं हलवून पुन्हा शोधली. मानेपाशी शोधली.

रांगेतल्या कुणी आमच्याकडे बघितलं नव्हतं. गाडीत अजून कुणी डोकावलं नव्हतं. गाडी फिरवायला मागे मोकळी जागा होती. तासाभरात पुन्हा मरीआई, पूल, पडवी, लोखंडी खाट. हुक्केरींनी लिहिलं असतं, घरी वारले म्हणून. रिपोर्ट उशीखाली होताच. नानांची इच्छाही तीच. सगळा हिशेब जुळत होता, एका पैचा फरक नव्हता.

तेवढ्यात प्रल्हाद आला. कुठून तरी एक स्ट्रेचर ओढत, एका चाकाने वाकडं चालणारं, घामाने न्हाऊन, आणि त्याचा चेहरा, काय सांगू, लग्नात वरात दारी आल्यासारखा.

"काकू, मिळालं! नानांना सांगा, मिळालं स्ट्रेचर!"

मी वाकले.

"नाना," मी म्हणाले, "स्ट्रेचर मिळालं."

त्यांची नोंद जिल्ह्याच्या महापालिकेत झाली.

आमचा आकडा चोवीसवर राहिला, आणि मग तिथेही राहिला नाही. तीस दिवसांची अट होती ना. पुढे दिवस सरकला की मागचा गळायचा. आधी तेवीस, मग एकदम वीस. ज्यांना आम्ही एकदा पोचवून आलो होतो ती माणसं आता दुसऱ्यांदा एकेक करून निघून जात होती. कार्यालयातल्या खाटांवरून आणखी गाड्या शिवेपलीकडे गेल्या. काही परत आल्या. मग पावसाळा लागला, लाट उतरली, खाटा रचून ठेवल्या आणि त्या हॉलमध्ये पहिलं लग्न लागलं.

हिवाळ्यात करार नव्याने करायची मीटिंग होती. देवस्थळी नव्हता, त्याने नोकरी सोडल्याचं कळलं. वडिलांचं विचारायचं धाडस मला झालं नाही. त्याच्या जागी एक चुणचुणीत मुलगी आली होती. तिने पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा लावला. इतर तालुके लाल, भगवे. आमचा तालुका हिरवागार.

"तुमचं अभिनंदन करायला हवं," ती मनापासून म्हणाली. "एवढ्या मोठ्या लाटेत तुमच्या तालुक्यात मृत्यूचं प्रमाण जिल्ह्यात सगळ्यात कमी. त्यामुळे या वर्षी तुमचा हप्ता कमी होतोय. जवळजवळ निम्मा."

कुणी टाळी वाजवली नाही. बिचारी गोंधळली. पंखा फिरत होता. नानांच्या खुर्चीवर त्यांच्या जागी बिनविरोध आलेला प्रल्हाद बसला होता. त्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"मॅडम, एक शब्द बदलता येईल? 'तालुक्यात मेलेला' असं हाय, तिथं 'तालुक्यातला मेलेला' असं."

तिने कागद चाळले. "सॉरी सर. शब्द वरून ठरून येतात. जगभर सगळीकडे तोच मसुदा असतो. हप्त्याचं मात्र अजून थोडं कमी करून मागू शकते मी."

"नको," प्रल्हाद म्हणाला. "हाय तसं असू दे." मग माझ्याकडे बघून, "काकू, सूचक म्हणून माझं नाव लिवा."

सगळे त्याच्याकडे वळले. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "प्रल्हाद, तुझं?"

"मग काय करायचं?" त्याचा आवाज चढला नाही. "दुसरं कोण देतंय? आणि एवढी माणसं लावलीत यावर. आता मधेच सोडला आन् उद्या लागला, तर?"

ते ऐकून माझं बोट वहीच्या पानावर थांबलं. आवाज प्रल्हादचा होता, पण जिन्याखाली बसून शेवटचा रुपया लावणाऱ्या माणसांबद्दल नाना जे सांगायचे, ते सगळं त्यात होतं. फक्त नाना हे सांगताना हसायचे.

मी लिहिलं: सूचक, श्री. प्रल्हाद हणमंत कोष्टी.

अनुमोदक कोण, म्हणून वर बघितलं. सगळे माझ्याकडेच बघत होते.

मी चष्मा काढला आणि पुसायला लागले.